गजभिये काकांचं शुद्ध पाणी

"सगळी झाडं काढा आणि अगदी अशीच नवी लावा. मुलीला कळता कामा नये," गजभिये काका म्हणाले.

मी पुण्यात घरोघरी जाऊन अ‍ॅक्वेरियमचा मेंटेनन्स करते. विश्रांतवाडीतला हा मासे आणि पाणवनस्पतींचा टँक काकांच्या मुलीचा, अस्मिताचा. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तिने तो वडिलांवर सोपवला होता. आता महिन्याभराने ती घरी येणार होती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर काका टँकचा तेवढा बरा कोपरा दाखवायचे.

"एकेक काडी लावून वाढवलंय हो तिने. आणि मी सहा महिन्यांत वाट लावली."

काका निवृत्त सरकारी अधिकारी, पण चेहरा नापास झालेल्या मुलासारखा. मला फार वाईट वाटलं.

जुनी पानं पिवळी, नवी वाकडी. लाइट ठीक, फिल्टर चालू. मग काचेवर एक गोगलगाय दिसली. तिच्या शंखावर पांढरे खड्डे पडले होते. पाण्यात कॅल्शियम नसलं की शंख असा झिजतो.

"काका, पाणी कुठलं घालता?"

"प्युरिफायरचं. आम्ही पितो तेच. त्यात हयगय नाही, मॅडम."

"अस्मिताने काय सांगितलं होतं?"

"नळाचं, एक दिवस बादलीत उघडं ठेवून. पण पोरीच्या झाडांना नळाचं पाणी कसं घालायचं?"

मी कपाळाला हात लावला. आरओ प्युरिफायर पाण्यातले क्षार काढून टाकतो, आणि झाडं त्याच क्षारांवर जगतात. काका त्यांना प्रेमाने उपाशी ठेवत होते.

नवी झाडं लावायला मी साफ नकार दिला. तीही याच पाण्यात मेली असती. नळाचं पाणी थोडं थोडं वाढवत नेलं, कारण एकदम बदल माशांना झेपत नाही. वाकडं पान काही सरळ होत नाही. नव्याची वाट बघावी लागते. काका रोज फोटो पाठवायचे. तिसऱ्या आठवड्यात फोनच आला, "मॅडम, एक सरळ आलं!"

अस्मिता आली त्या दिवशी मी तिथेच छाटणी करत होते. ती टँकपुढे वाकली. खाली वाकडी पानं, वर हिरवीगार सरळ.

"बाबा, प्युरिफायरचं पाणी घातलंत ना?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी कात्री पुसत बसले.

अस्मिताला हसू आवरेना. "ताई, यांनी मला दहावीपर्यंत उकळलेलंच पाणी पाजलंय. सहलीलासुद्धा! झाडं कशी सुटतील?" असं म्हणत तिने वडिलांच्या खांद्यावर हात टाकला.

तेव्हापासून कुठेही झाडं पिवळी दिसली, की औषधाची बाटली काढण्याआधी मी विचारते, "घरात यांचे लाड कोण करतं?"