जरीनाताईंचं कोमट औषध

हडपसरच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांना वाटतं, दात मी वाचवते. वाटू दे बापडं! माझ्या असिस्टंट जरीनाताई एकोणीस वर्षं रूट कॅनॉलच्या आधी गरम पाण्याच्या भांड्यात औषधाच्या सिरिंज ठेवून, थर्मामीटर घालून राखण करत बसतात. दाताच्या मुळात सोडायचं ते जंतुनाशक कोमट असलं की आतली सडकी घाण लवकर विरघळते. गार असलं की माझी झटापट सुरू, आणि पेशंटला पुन्हा बोलवायची वेळ. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक.

गेल्या गुरुवारी खुर्चीत त्यांचा मुलगा होता, आफताब. मस्कतहून चार वर्षांनी आलेला, तोही दहाच दिवस. शनिवारी परतीचं विमान, आणि दाढेने ऐन वेळी डोकं वर काढलेलं.

"आज नाहीच झालं तर तिकीट आठवडाभर पुढे ढकलतो," तो म्हणाला. जरीनाताईंचा चेहरा असा उजळला, की मला तिकडे बघवेना.

दाढ बधिर केली, उघडली, हात पुढे केला. सिरिंज गारढोण!

"अहो, फ्रिजमधून आणलीत का?"

त्यांनी मला दाराशी ओढलं. "मॅडम, आज गारच राहू द्या ना. नाही निघाली घाण तर नाही निघाली. आठ दिवस जास्त राहील हो माझं पोर. चार वर्षं त्याला मोबाइलवरच जेवताना बघतेय मी."

फटकन बोलायची माझी खोड, पण तेव्हा "बरं," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आफताब बधिर तोंडाने म्हणाला, "अम्मी, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही गं. आज सुटेन ना?"

जरीनाताई थबकल्या. माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली, भांड्यात गरम पाणी ओतलं आणि थर्मामीटरकडे बघत उभ्या राहिल्या. डोळे पुसले नाहीत, हात धुतलेले होते.

पाऊण तासाने मुळात घातलेली कागदाची काडी स्वच्छ, कोरडी बाहेर आली, म्हणजे आत घाण उरली नव्हती, दाढ आजच भरता येणार होती. मी ती हातात धरून घुटमळले. आणखी एक सिटिंग लागेल, असं खोटं सांगायला मी तोंड उघडलंच होतं.

जरीनाताईंनी काडी दिव्याखाली नीट पाहिली.

"कोरडी आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "आजच भरून टाका."