कापायचं काय?

कळंबच्या बाजारात गोणपाटावर जुने, मिटायचे चाकू मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे नुसतं चाचा म्हणायचे. कुणाकुणाच्या खिशातून आलेला गंजका चाकू ते कानाशी धरून मिटायचे. आतली कमान, म्हणजे पातं ताणून धरणारी पोलादी पट्टी, कशी वाजते, त्यावर तो ठेवायचा की भंगारात टाकायचा ते ठरे.

गिऱ्हाईक कुणीही असो, पहिला सवाल एकच. "कापायचं काय?"

मी शाळामास्तर. म्हणालो, "लेखणीचा बोरू." त्यांनी माझ्या हातातला चकचकीत चाकू काढून घेतला आणि एक काळपट चाकू दिला. "ह्यो घ्या मास्तर. कमानीत जान हाय."

रझाकारीच्या दिवसांत एक बंदूकवाला आला आणि त्यानं बुटाच्या टोकानं सगळ्यात लांब चाकू दाखवला. मी शेजारीच उभा होतो. चाचांनी त्याच आवाजात विचारलं, "कापायचं काय?"

त्यानं बुटानं तोच चाकू पुढं सरकवला. चाचांनी पातं उघडलं, दगडाच्या फटीत घालून टोक मोडलं आणि चाकू मिटून दोन्ही हातांनी पुढं केला. "आता घ्या. कांदा कापा, लिंबू कापा."

बंदूकवाला चाकू न घेताच वळला.

चाचांनी तोच चाकू उघडून पुन्हा कानाशी मिटला. मला म्हणाले, "कमान शाबूत हाय, मास्तर."