बर्फातलं काळीज

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर बोळाच्या तोंडावर. कोण कुठं चाललं हे मी बघत नाही हो, ते दिसतं! त्यात समोरच्या शांताक्कांची गिरिजा पीएच.डी.ला लागली आणि पाच वर्षांत एवढं साठलं, की सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

*

घर लिंगायताचं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि एका सकाळी मटणाच्या दुकानात माझ्यापुढं कोण? गिरिजा! हातात थर्माकोलचा डबा, आत बर्फ.

"पाव किलो काळीज. आत्ता कापलेल्या बकऱ्याचं."

"सुक्कं करायचं का रस्सा?" सदाभाऊ खाटकानं विचारलं.

"मायटोकाँड्रिया काढायचाय."

"ते न्हाय आमच्यात. काळीजच न्या की!"

*

मला बघून पोरगी रडकुंडीला आली. "काकू, आईला सांगू नका. शिक्षण बंद करील."

"न्हाय सांगत. पण करतीस काय ह्याचं?"

म्हणाली, पेशीत बारक्या भट्ट्या असतात, तोच मायटोकाँड्रिया. त्याच्या पडद्यात एक एन्झाइम असतं. कुठलं रसायन त्याला बंद पाडतं ते पाच वर्षांत शोधायचं, पुढं औषधाला उपयोग. काळीज मात्र ताजं आणि गार पाहिजे. कोमट झालं की एन्झाइम मरतं.

"बंद पाडायला पाच वर्षं? आमच्या ह्यांनी नवा मिक्सर एका दिवसात बंद पाडला!"

*

श्रावणात सगळी गल्ली शाकाहारी. सदाभाऊ रस्त्यातच ओरडला, "वैनी, हॉटेलवाले सोडले तर एकच पक्कं गिऱ्हाईक ऱ्हायलंय. लिंगायताची पोरगी!"

"हळू बोला की!"

*

मग शेवटचं रीडिंग आलं. लॅबमधलं मशीन दुपारपर्यंतच तिच्या वाट्याला. दहाला फोन. "काकू, बर्फ वितळला, काळीज कोमट झालं! आज हुकलं तर थिसिस सहा महिने लांबला. दुसरं आणता?"

"आणते की काळीज! पाव किलोच न्हवं?"

माझा आवाज कसा, बोळाला ठाऊक हाय. समोरच्या दारात शांताक्का तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं आणि तडक आत गेल्या. संपलं पोरीचं शिक्षण, तेही माझ्या तोंडामुळं.

बर्फ शोधण्यात माझी दहा मिनिटं गेली. धापा टाकत दुकानात पोचले, तर पुढं शांताक्का! डोक्यावर पदर, डोळे गच्च मिटलेले, हातात बर्फानं भरलेला स्टीलचा डबा.

सदाभाऊनं तोंड उघडलं. "अक्का, सुक्कं का..."

"मुकाट्यानं बर्फात घाल! कोमट झालं की एन्झाइम मरतंय!"