डेल्टाच्या जागी चौकोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती म्हणाली असती, तुमच्याकडून दुसरं काय होणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

तिरोड्याजवळच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. मुलांच्या आलेखांवर नाक मुरडणं हा माझा आवडता उद्योग. अक्षाला नाव नाही, एकक नाही, आणि चिन्हं? सॉफ्टवेअरमध्ये फरक दाखवणारा त्रिकोणी डेल्टा सापडला नाही की इंग्रजी डी ठोकायचा आणि मोकळं व्हायचं! अशा पोरांची मला कीव येत नाही, चीड येते.

वैशाली तशी नव्हती. तिचे वडील बोदलकशाच्या तलावात मासे धरतात. त्यांच्या डोंग्यात बसून, दोरीला तापमापक बांधून तिने पाण्याचं तापमान खोलवर मोजलं होतं. आलेखावर डेल्टा नेमका, अंशाचं बारकं वर्तुळही जागच्या जागी. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला — नावं ठेवायला काही सापडेना म्हणून.

आमच्याकडे एक खूळ आहे. पडद्यावर जे दिसेल ते एकाच वळणदार मराठी फॉन्टात हवं, प्राचार्यांना तसंच आवडतं. कॉलेजच्या संशोधन स्पर्धेच्या सकाळी मी मुलांच्या सगळ्या फाइली उघडल्या, लेबलांचा फॉन्ट बदलला आणि चहाला गेलो. त्या फॉन्टात डेल्टा असतो का, हे बघण्याची तसदी मी — चिन्हांचा एवढा मोठा पंडित — घेतली नाही.

पडद्यावर डेल्टाच्या जागी रिकामा चौकोन आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे काय आहे?

"सर, घरी तं बराबर दिसत होतं जी," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "इथं काऊन असं होऊन राहिलं?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. एक वाक्य पुरलं असतं — फॉन्ट मी बदलला. मी काय म्हणालो?

"चिन्ह टाकता येत नाही आणि निघाली संशोधन करायला!"

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने मी. पहिल्या येणाऱ्याला उन्हाळाभर नागपूरच्या प्रयोगशाळेत काम मिळणार होतं. ते दुसऱ्याच मुलाला मिळालं, आणि त्याने डेल्टाच्या जागी डी ठोकला होता. वैशालीने पुढच्या वर्षी भौतिकशास्त्र सोडलं.

तुम्हाला वाटेल, एवढंच. नाही — खरा नीचपणा पुढेच आहे. दरवर्षी पहिल्या तासाला मी हा किस्सा सांगतो, निष्काळजीपणा कसा असतो ते दाखवायला. फळ्यावर चौकोन काढतो. वैशालीचं नाव घेऊन.

यंदाही सांगत होतो. वर्ग हसत होता. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसेना. तिच्याकडे बघितलं — तेच डोळे, तेच कपाळ. हजेरी घेतानाच आडनाव कानावर पडलं होतं. वैशालीची धाकटी बहीण.

मी थांबलो नाही. किस्सा शेवटपर्यंत सांगितला.