बेसकाकांचं कॅबिनेट

दुकानात नवं कॅबिनेट दाखवायला काढलं की बेसकाका आधी त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. कॅबिनेट म्हणजे ज्यातून बेस गिटारचा आवाज बाहेर पडतो ते स्पीकरचं लाकडी खोकं. दुकानदार बिचारा जाळी पुसून, कंपनीचं नाव नीट दिसेल असं ते वळवून ठेवायचा, आणि हे महाशय दाराकडे तोंड करून गिटारची सगळ्यात जाड तार छेडायचे. "स्टेजवर मी काय याचं तोंड पाहत बसतो का? हे मागेच असते नं. मग मागूनच ऐकू दे," असं त्यांचं म्हणणं. एखाद्या वस्तूची पारख तिचा एवढा अपमान करून करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कारखान्यातली नोकरी आणि जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळाचा ऑर्केस्ट्रा, या दोन गोष्टींत काकांचं आयुष्य गेलं. मी त्याच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. ओळखीत कुणालाही कॅबिनेट घ्यायचं असलं की तो आधी चेरीतालला काकांच्या घरी यायचा, आणि काका मला बोलावून घ्यायचे. कारण त्यांचा दुसरा नियम असा, की कॅबिनेट एकट्याने पारखायचं नाही. "एकट्यात सगळेच छान वाजतात, बेटा. संगतीत कोण टिकते ते पाहायचं."

मग मी गिटार घ्यायची, दुकानदाराला काउंटरवर ठेका धरायला लावायची आणि काका पाठमोरे सुरू व्हायचे. एकटं असताना छाती थरथरवणारं कॅबिनेट संगतीत नुसता गोंधळ करू लागलं, की काका तार हाताने दाबत आणि म्हणत, "चलो भैया, इसको अंदर रखो." पण त्याआधी माझ्याकडे बघत. आम्हा दोघांचं एकमत झाल्याशिवाय पास नाही, आणि नापासही नाही. माझं वय त्यांच्या निम्मंसुद्धा नव्हतं. तेव्हा घरीदेखील माझं मत कुणी इतक्या गांभीर्याने विचारत नसे.

पुढे ऑर्केस्ट्रा पांगला. ड्रमर मुलाकडे इंदूरला गेला, गाणारे दोघे एकापाठोपाठ वारले, मग काकूही गेल्या. माझी बदली पुण्याला झाली. अशातच काकांच्या स्वतःच्या जुन्या कॅबिनेटचा स्पीकर फाटला. त्यांचा फोन आला, "नवीन घेऊन राहिलो. तू ये, दोघं मिळून पाहू." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की. असे तीन पुढचे महिने मी त्यांना दिले. रजा शिल्लक होती. खरं सांगायचं तर मी कंटाळा केला.

चौथ्या खेपेला फोन थेट अधारतालच्या दुकानातून आला. "तू तिथून वाजव. मी फोन काउंटरवर ठेवतो." मी पलंगावर बसून गिटार वाजवू लागले. माझा सूर त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत ते पुढे निघून गेलेले असायचे. आणि फोनवर खर्ज काही येत नाही. मला तारेवर बोटं पडल्याची टकटक तेवढी ऐकू येत होती.

"कसं वाटते?" त्यांनी विचारलं. आवाजात इतकी आशा होती, की मला खरं बोलवेना.

"छान आहे, काका."

पुन्हा एकदा टकटक झाली. "पक्का?"

"पक्का."

"अच्छा. मग घेऊन घेतो."

काही महिन्यांनी ऑफिसच्या कामासाठी एका दिवसापुरती जबलपूरला गेले. दुपारी चेरीतालला पोचले, तर काकांनी कुणाकडून तरी गिटार मागून, सुरात लावून ठेवली होती. कॅबिनेट भिंतीशी होतं आणि त्याच्याकडे पाठ केलेल्या दोन खुर्च्या. आम्ही वाजवायला लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांचे सूर एकमेकांत कालवले गेले, माझी गिटार त्यात बुडाली. इतकं वाईट कॅबिनेट काकांनी आयुष्यात कुणाला घेऊ दिलं नव्हतं. मी थांबले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"दुकानातच कळलं होतं मला," ते शांतपणे म्हणाले. "ठेका धरला होता नं दुकानदारानं."

"मग घेतलं काहून?"

"तू पास केलं होतं. एकट्यानं नापास कसं करू?"

फोनवर मला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे मी तेव्हा त्यांना सांगितलं. उद्या जाऊन बदलून आणू, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण माझी गाडी संध्याकाळची होती आणि ते त्यांनाही माहीत होतं. "चलो, निघ. गाडी चुकेल," ते म्हणाले. मी पाया पडले आणि बाहेर आले.

जिना उतरते तोच वर त्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं. गल्लीच्या टोकापर्यंत ते मला ऐकू येत होतं. एकटंच होतं, म्हणून छान वाजत होतं.