बिनहाडाचा फोटो

आमच्या धाकट्या भाऊजींसारखा माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दृष्टीनं ते फार बरं झालं. भाऊजी डॉक्टर. पुढच्या खोलीत त्यांचं एक्स-रेचं यंत्र असे. ते चालू झालं की घरभर गुरगुर. लोक मोडलेले हातपाय घेऊन यायचे, पण भाऊजींना हाडात गोडी नव्हती. "हाडाचा फोटो कुणीही काढील, वहिनी. बिनहाडाच्या मांसाचा काढून दाखवावा!" बायकांच्या छातीतली गाठ साधी की कॅन्सरची, हे कापायच्या आधी फिल्मवर कळलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यापायी माझी वांगी, पपया, सीताफळं त्या यंत्राखाली जाऊन आली. एकदा शेंगदाण्याच्या लाडवात त्यांनी चिंचोका लपवला, दिसतो का पाहायला. फिल्मवर काही दिसला नाही. दुपारी मामंजींच्या दाताला मात्र बरोबर सापडला. ते गाल धरून बसलेत आणि भाऊजी विचारतायत, "कुठल्या बाजूला होता, अण्णा?"

हसायचं ते इथवरच. मैंदर्गीहून माझी थोरली बहीण आली, अक्का. डाव्या काखेजवळ गाठ. तिकडच्या वैद्यांनी दुधाची गाठ म्हणून लेप दिलेला. भाऊजींना ते पटेना. मिरजेच्या इस्पितळात जाऊन काढून घ्या म्हणाले. अक्का उसळली, "अंदाजानं चिरायला मी काय भोपळा हाय, डाक्टर? आदी दावा तरी आत काय हाय ते."

पडद्याआड मी तिला बसवायची, फिल्म लावायची, बाहेरून भाऊजी ओरडायचे, "श्वास धरा!" "किती येळ?" असं ती विचारायची आणि तेवढ्यात हलायची. पहिले दोन्ही फोटो ताकात बुडवून काढल्यासारखे पुसट. त्यात आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग. त्याच्या चांदीच्या डबीची सावली नेमकी गाठीवर. भाऊजी चाचरत म्हणाले, "तेवढं घटकाभर काढून..."

"जीव गेला तर चालंल. लिंग अंगावेगळं व्हायचं न्हाय."

मग तीच हळू म्हणाली, "पूजेला तळहातावर घेते की. तसं घेतलं तर?"

रिकामी डबी तिनं पाठीवर सारली, लिंग डाव्या तळहातावर घेऊन हात डोळ्यांसमोर उचलला. काख आपोआप मोकळी झाली. आणि रोज पूजेत लागायची तशी तिची नजर लागली. श्वास धरा म्हणायची गरजच उरली नाही. यंत्र गुरगुरून थांबलं तरी तिला कळलं नाही.

फिल्म धुऊन भाऊजी खिडकीशी उभे राहिले. इतका स्वच्छ फोटो त्यांना कधीच मिळाला नव्हता. गाठ होती, आणि तिला चहूकडून बारीक मुळं फुटल्यासारख्या रेघा.

"आला का?" अक्कानं लुगडं सावरत विचारलं.

"आला, अक्का."

"मग तोंड का असं केलंय?"

त्यांनी फिल्म तिच्यापुढे धरली, एकेक रेघ बोटानं दाखवली, साध्या गाठीला अशी मुळं नसतात म्हणाले. ती बराच वेळ पाहत राहिली. "जाऊ की मिरजेला," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन झालं. गाठ शेवटी परतलीच, पण मधल्या वर्षांत अक्कानं धाकट्या लेकीचं लग्न केलं, नातू मांडीवर खेळवला. ती गेल्यावर मी भाऊजींना म्हणाले, ती वर्षं तुमच्या फोटोनं दिली हो.

"वहिनी, जन्मभर स्वच्छ फोटो मागत आलो," भाऊजी म्हणाले. "त्या दिवशी खिडकीशी पहिल्यांदा वाटलं, हाही पुसटच निघावा."