मालेमच्या आईचं कार्य

भावाच्या घरी लग्न असलं, तर तुम्ही भांडी घासायची मजुरी मागाल का? नाही ना? मालेमच्या आईनंही मागितली नाही. तिथंच घोळ झाला.

आम्हां सुमात्राच्या कारो लोकांत जावई पाटावर बसत नाही, कढईपाशी उभा राहतो. लेक जिथं दिली त्या घरानं तिच्या माहेरच्या कार्यात चूल सांभाळायची, हा रिवाज. त्या कार्याला म्हणायचं ‘केर्जा’. शब्द संस्कृतातल्या ‘कार्य’चाच; समुद्र ओलांडून आला नि आमच्या मांडवात बसला. डोंगराखाली मेदान शहरात तोच केर्जा म्हणजे नुसतं काम. त्याला शिंगं-शेपूट फुटून पेकेर्जा म्हणजे कामगार, पेकेर्जाआन म्हणजे नोकरी.

तिचा चुलतभाऊ तेर्केलिन काबानजाहेत लग्नाचा हॉल चालवतो. लग्नं शहरातल्या परक्यांची, चुलीवर मात्र ही. ताईच्या हाताशिवाय चव नाही, म्हणायचा. नवरा गेल्यावरही ती घरचं कार्य समजून रांधत राहिली. मग एकदा हॉलवरच उकळतं तेल उजव्या हातावर सांडलं. बोटं वळेनात. कामगार-विम्यावर इलाज झाला असता. मालकानं ‘ही माझी कामगार’ एवढंच म्हणायचं होतं. पठ्ठ्या म्हणतो, “बहिणीला कामगार म्हणू? लोक तोंडात शेण घालतील.”

मी कामगार-संघटनेतली. भांडले, त्याच्या दारात बसले, घसा बसला. आणि इकडे ही बाई त्याच्याच मुलीच्या लग्नात डाव्या हातानं भात ढवळतेय! डोकंच फिरलं माझं. लाज नाही का, म्हणून विचारलं.

“हे घरचं कार्य आहे,” ती म्हणाली. “हे चुकवलं तर मी कोण?”

पुढच्या आठवड्यात हॉलवर परक्यांचं लग्न. ती आली ठेवणीतली शाल घेऊन, आणि सरळ पाहुण्यांच्या चटईवर बसली. चूल थंड. तेर्केलिन पानसुपारी घेऊन धावला, रिवाजाप्रमाणं विनवायला.

“दादा, नवरी आपल्यातली?”

“नाही गं.”

“मग मी इथं कोण ते सांग. लगेच उठते.”

सगळे बघत होते. तो पानाकडे बघत पुटपुटला, “कामगार.”

“मोठ्यानं,” मी म्हणाले. “विम्याच्या कचेरीत ऐकू जाऊ दे.”

इलाज सुरू झाला. बोटं अर्धीच वळतात; उशीर केला ना मेल्यानं. म्हणून सांगते, पुढच्या लग्नात जेवून हात धुवायला उठाल, तेव्हा चुलीपाशी थांबा आणि रांधणारीला एवढं विचारा: बाई, हे तुमच्या घरचं कार्य आहे का?